चित्रातलं तिसरं माणूस

तुरीच्या शेंगा उकडून झाल्या होत्या. वाशीममधल्या त्या घराच्या गच्चीवर, गरम पातेल्याभोवती, तिघं बसली होती: माणिकरावांचा नातू लखन, नात रीता आणि शेजारचा बबलू. जानेवारीतली थंडी, म्हणून माणिकराव पायांवर शाल घेऊन खुर्चीत. चाळीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस, तरी जिन्याचं दार नीट लागलंय की नाही हे त्यांनी दोनदा उठून पाहिलं होतं.

"आजोबा, भुताची सांगा," बबलू म्हणाला. "पन खरी सांगजा. मागची वाली तुमी अर्ध्यात बदलली होती."

"बदलली नव्हती. विसरलो होतो."

"संघदीप सरांची सांगा ना," रीता म्हणाली. "तुमी बाबाले सांगून राह्यले होते, मी ऐकलं."

माणिकराव थोडा वेळ शेंग सोलत राहिले. ती सांगू नये बहुतेक, असं म्हणाले. तिच्यातलं सरांनी सांगितलेलं किती आणि आपण मनाने जोडलेलं किती, हे आता वेगळं करता येत नाही, असंही म्हणाले. मग त्यांनी सांगितलीच.

संघदीप सर म्हणजे माणिकरावांचे जुने मित्र. रिसोडला राहतात. रिठदच्या एका शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झाले. दोन हजार तेवीसच्या डिसेंबरची पाच तारीख, मंगळवार. कार्तिक वद्य अष्टमी, म्हणजे चंद्र मध्यरात्रीपर्यंत उगवायचा नव्हता. संध्याकाळी पावणेसातला सर मोटरसायकलवरून निघाले. काम साधं होतं. एक कागद कुणालातरी दाखवायचा होता.

आदल्या रात्री त्यांना सेवालालचा फोन आला होता. रिठदच्या पलीकडे रानात एक तांडा आहे, तिथला हा माणूस. दिवाळी झाली की तांडा ऊसतोडीला जातो. यंदा बरेचसे गेले होते, शेवटची गाडी मंगळवारी रात्री नऊला निघणार होती.

"सर, तो कागद हाय का अजून तुमच्यापाशी? चंदानं काढेल?"

सरांनी कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "आहे."

"मंग घेऊन या उद्या. बायको गाडीत बसाले तयार नाई. म्हनते, पोरगी घरात हाय, तिले एकटं टाकून मी येत नाई. आता जोडीतलं एक मानूस नसलं तं मुकादम दुसऱ्याले तरी कायले नेईन? तुमी या अन् तिच्या समोर काय ते पुसून टाका. तिचं समाधान झालं, बस."

"पोरगी घरात?"

"तुमी या, सर," सेवालाल म्हणाला आणि फोन ठेवला.

चंदाला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

आता त्या कागदाचं सांगायला हवं. चंदा पाचवीला सरांच्या वर्गात आली. दहा वर्षांची, बारीक, केसांना तेल नसलेली मुलगी. शाळेचं पहिलं सत्र संपताना सरांनी चित्राला विषय दिला, दिवाळीची सुट्टी. चाळीस पोरांनी चाळीस आकाशकंदील काढले. चंदाने सरांकडून घेतलेल्या टू-बी पेन्सिलीने, कागदाच्या पाव तुकड्यावर, तांडा सोडतानाचं बिऱ्हाड काढलं. मातीचं घर, टिनाचं छप्पर, उघडं दार, समोरून जाणारा रस्ता. अंगणात तिची आई रामीबाई गुडघ्याने गाठोडं दाबून दोरी दातांनी ओढतेय. बाप पाठमोरा, डोक्यावर पोतं. बस, एवढंच. पण पेन्सिल जवळजवळ न उचलता काढलेली ती रेष! आईचा सगळा भार टाचांवर गेलाय हे त्या रेषेत दिसत होतं. बापाच्या नुसत्या पाठीवरून कळत होतं की त्याला निघायचं नाहीये. सर सांगतात, त्यांना खोलीत बसावंसं वाटेना. ते व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. आपल्याला आयुष्यात अशी एक रेष आली नाही, हे त्यांना तिथे उभं राहून समजलं.

परत येऊन त्यांनी विचारलं, "यात तू कुठे आहेस?"

"मी काढून राह्यली ना, सर."

इथवर सगळं चांगलं होतं. पण चित्रकलेच्या मास्तरांना एक खोड असते. ते मुलांच्या कागदावर आपली पेन्सिल चालवतात. जरा सुधारतो, म्हणतात. शिवाय परीक्षेसाठी पोरांना घोकून घोकून शिकवलेला एक नियम असतो, की स्मरणचित्रात किमान तीन मनुष्याकृती हव्यात. चंदाच्या चित्रात दोनच होत्या. सरांना ते चित्र तालुक्याच्या स्पर्धेला पाठवायचं होतं. त्यांनी मऊ, गडद फोर-बी पेन्सिल घेतली आणि रिकाम्या दारात, चौकटीला धरून उभी असलेली एक मुलगी काढली. फ्रॉक, दोन वेण्या. चांगली दाबून, ठळक.

"बघ, आता पूर्ण झालं. ही तू."

चंदाने पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आमी तं निघून राह्यलो, सर. मले घरात काहून ठेवलं?"

सर हसले. पण संध्याकाळी घरी चित्र उघडलं तेव्हा त्यांना दिसलं की आपण त्याचं वाटोळं केलंय. दोन माणसं जिवंत होती आणि दारात एक बाहुली उभी होती. रबराने पुसून पाहिलं. पण दाबून ओढलेली रेघ पुसली तरी कागदावर खाच राहते, आणि कागद हलवला की ती पुन्हा दिसते. त्यांनी चित्र स्पर्धेला पाठवलं नाही. चंदाला परतही दिलं नाही. फाइलीत घालून कपाटात ठेवलं. सुट्टीनंतर नवीन कागद देऊ, असं ठरवलं.

सुट्टीनंतर चंदा आली नाही. तिकडे उसाच्या फडावर तिला ताप आला, दोन दिवसांत गेली. शाळेच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे काही महिने गैरहजेरी लागत राहिली. बातमी मार्चमध्ये कळली.

"तिचा फोटो नव्हता?" रीताने विचारलं.

नव्हता. एकही नव्हता.

रिठद मागे पडलं. गावाबाहेरच्या पुलाशी सरांनी गाडी लावली, कारण पुढचा कच्चा रस्ता नळाच्या पाइपासाठी खणून ठेवला होता. साडेसात वाजले होते. तिथून अर्धा किलोमीटर पायी. दोन्ही बाजूंना डोक्याएवढी तूर. हातात मोबाइलची बॅटरी, खांद्याला शबनम पिशवी, तिच्यात फाइल आणि नवं कोरं रबर. सर तांड्यावर पोचले तेव्हा बहुतेक घरांना कुलपं होती. कुठल्यातरी घरात मागे राहिलेलं एक म्हातारं माणूस खोकत होतं. कुत्रं भुंकलं नाही.

सेवालालचं घर शेवटचं. अंगणात एक कंदील होता. सर कुंपणाशी आले आणि थांबले.

रामीबाई गुडघ्याने गाठोडं दाबून दोरी दातांनी ओढत होती. सेवालाल पाठमोरा उभा, डोक्यावर पोतं. मागे घराचं दार उघडं, आत अंधार.

सरांना वाटलं, आपण कुठे उभे आहोत? चित्र जिथून काढलं तिथे?

"या सर," सेवालाल वळून म्हणाला. त्याने पोतं खाली ठेवलं. "तुमची गाडी कुठं हाय? पुलाजवळ? बरं केलं, इकडं खड्ड्यात गेली असती. आमची पिकअप मागच्या वाटेनं येते. नऊला."

रामीबाईने तोंडातली दोरी सोडली. नमस्कार केला नाही, बसाही म्हणाली नाही.

"आनला?"

"आणलाय, बाई."

"आमची बुढी होती ना, सोनीबाई," ती म्हणाली, "माही सासू. थे दरसाल घरी राहे. आमी गेलो का थे अन् हे पोरगी, दोघी. बुढी दोन ताटं वाढे. लोक म्हनत बुढी पागल झाली. मी बी म्हनत होती. श्रावनात बुढी मेली." तिने दोरी हाताला गुंडाळली. "तवापासून मी वाढून राह्यली पोरीचं ताट."

"रामी, सरांचा टाइम कायले घेतं?" सेवालाल म्हणाला. त्याला लाज वाटत होती. "पुसा सर, पुसा. लवकर झालं म्हंजे झालं."

सरांनी फाइल उघडली. उलट्या ठेवलेल्या घमेल्यावर कागद पसरला. कंदील जवळ ओढला. दारातली मुलगी तशीच होती. फ्रॉक, दोन वेण्या, चौकटीवर हात. ते रबर घासू लागले. काळपट चुरा निघाला. फुंकला. पुन्हा घासलं. रेघ फिकी झाली, पण खाच जाईना. कंदिलाच्या तिरप्या उजेडात तर ती जास्तच दिसू लागली. ते घासत राहिले. कागदाचा पोत उठला. हात दुखला. अजून थोडं घासलं तर भोक पडलं असतं.

"जात नाही," सर म्हणाले.

"रबरानं पोरगी कुठं जाते, सर?" रामीबाईचा आवाज अगदी साधा होता. रडण्याचा नव्हता, रागाचाही नव्हता. "थे रडत आली होती त्या दिशी. सरनं मले घरात ठेवलं म्हने. मी तिले हसली. तुमी हातानं ठेवलं. हातानंच बाहेर आना."

"म्हणजे?"

"आत जा. तिचा हात धरा. रस्त्यापर्यंत सोडा. मंग तिचं थे पाहीन."

"मी आनत नाई का तिले?" ती थोड्या वेळाने म्हणाली. "किती बार गेली मी. माह्या हाताशी येत नाई. तिले वाटते, सरनं ठेवलं, सरच म्हनन तवा निघाचं. शाळेची सवय."

सेवालाल खाली पाहत होता. त्याने मान हलवली नाही, ना हो म्हणून, ना नाही म्हणून.

सरांना भीती वाटायला हवी होती. ते माणिकरावांना हेच पुन्हा पुन्हा सांगत होते. भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. बँकेत रांगेत उभं राहावं तसं वाटलं. त्यांनी कागद फाइलीत घातला, फाइल शबनममध्ये. बॅटरी लावली.

"उजेड नको," रामीबाई म्हणाली.

त्यांनी बॅटरी बंद केली.

उंबरठा ओलांडला. आत गार होतं. बाहेरच्यापेक्षा गार. शेणाने सारवल्याचा वास. चुलीची राख. एक पाऊल. दुसरं. हाताला भिंत लागली. ते वळले. दारातून अंगण दिसत होतं, कंदील, गाठोडी, आणि दोघंजण इकडे बघत.

सरांनी उजवा हात खाली सोडला. थोडासा बाजूला. दहा वर्षांच्या मुलीला धरता येईल एवढा.

"चंदा…"

काही नाही.

"चंदा, सुट्टी झाली. चल."

चुलीपाशी काहीतरी हललं. की नाही हललं… सरांना सांगता येत नाही.

मग दोन बोटं धरली गेली.

मधलं आणि करंगळीजवळचं. घट्ट नाही. मुलं धरतात तशी.

माणिकराव इथे थांबले. खाली रस्त्यावरून एक ऑटो गेला. त्याचा आवाज पूर्ण विरेपर्यंत ते थांबले. बबलूने शेंग सोलली नव्हती, नुसती हातात धरली होती.

"तुमाले विश्वास हाय का याच्यावर, आजोबा?" लखनने विचारलं.

"मला माहीत नाही," माणिकराव म्हणाले. "थंडीत तास तास रबर घासलं की मनगटातली नस दबते. अकोल्याच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. माझंही तेच मत होतं. पुढे ऐका."

सर बाहेर आले. सावकाश. उंबरठ्याशी हात आपोआप थोडा उचलला गेला, लहान मूल उडी मारतं तेव्हा उचलावा लागतो तसा. रामीबाई त्यांच्याकडे बघत नव्हती. त्यांच्या कमरेएवढ्या उंचीवर, उजव्या बाजूला बघत होती. ती वाटेतून सरकली. पदर आवरून घेतला. हात पुढे केला, आणि मागे घेतला.

"जाय, माय," एवढंच म्हणाली.

सेवालालने दार ओढलं. कुलूप लावलं. किल्ली खिशात घातली. मग दाराला कान लावला. 'पुसा, पुसा' म्हणून घाई करणाऱ्या त्या माणसाने, सर सांगतात, बराच वेळ कान लावला. आणि रामीबाईकडे बघून, आत कुणी नाही, अशी मान हलवली.

तिने खाली बसून राहिलेलं गाठोडं बांधायला घेतलं.

सर निघाले. बॅटरी डाव्या हातात, लावली नाही. तूर दोन्ही बाजूंना. वारा नव्हता. त्यांच्या चपलांचा आवाज येत होता. फक्त त्यांच्याच. बोटं धरलेली. खणलेल्या चरापाशी ते थांबले, फळीवरून आधी उजवीकडची बाजू जाऊ दिली, मग स्वतः गेले. असं का केलं, ते माहीत नाही.

एकदा त्यांनी विचारलं, "थंडी वाजते?"

एकदा म्हणाले, "चित्र फार चांगलं होतं. मी हात लावायला नको होता."

बोटं… जरा दाबली गेली. की त्यांनीच दाबली.

पूल आला. डांबरी रस्ता. गाडी. मागे दूर पिकअपचा हॉर्न वाजला, दोनदा. जोडी गाडीत बसली असेल.

"रस्ता आला, चंदा," सर म्हणाले. "आई तिकडे गेली. तुला जिकडे जायचं तिकडे जा."

ते थांबले.

मग त्यांच्या लक्षात आलं. मोटरसायकलची रेस उजव्या हाताने द्यावी लागते. हात सुटल्याशिवाय जाता येणार नाही. त्यांनी बोटांकडे लक्ष दिलं. धरलीत? सोडलीत?

कळेना.

बोटं बधिर झाली होती. दोन्ही. गार नाही, गरम नाही, दुखत नाही. नव्हतीच जणू. त्यांनी ती डाव्या हाताने चाचपली, चिमटा घेतला. काही नाही. कुणी धरली असती तरी कळलं नसतं. कुणी सोडली असती… तरी कळलं नसतं.

ते पुलाच्या कठड्याशी उभे राहिले. किती वेळ, ठाऊक नाही. एक दूधवाला गेला, त्याने वळून पाहिलं. शेवटी सरांनी तळव्याने रेस धरली, दोन बोटं बाहेर ठेवून, आणि गाडी चालू केली. रिसोडपर्यंत वीसच्या वेगाने आले. मागे वजन होतं का? माणिकरावांनी विचारलं होतं. सर म्हणाले, मी बघितलं नाही, आणि मला बघावंसंही वाटलं नाही.

घरी आले तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. बायको झोपली होती. टेबलाचा दिवा लावून त्यांनी फाइल उघडली.

त्यानंतर पाच दिवसांनी, रविवारी, ते चित्र घेऊन ते वाशीमला आले. आजही त्यांच्या त्या दोन बोटांना काही कळत नाही. भाजलं तरी कळत नाही. नंतर तांड्याची खबरही त्यांनी काढली. उन्हाळ्यात रामीबाई परतली. घरात आता जास्तीचं ताट वाढत नाही. कागदाबद्दल तिने काही विचारलं नाही.

"चित्र तुमी पाह्यलं?" रीता हळू आवाजात म्हणाली.

"पाहिलं. प्रयोगशाळेतलं भिंग आणून पाहिलं. याच घरात, खाली."

"पुसल्या गेलं होतं?"

माणिकरावांनी शाल ओढून घेतली. दार रिकामं होतं, म्हणाले. खाच नव्हती. उठलेला पोत नव्हता. रबराचा डाग नव्हता. तिरपा दिवा धरून पाहिलं, कागद पाठीमागून पाहिला. त्या दारात कधी कुणी काही काढलं होतं असं वाटेना.

"मंग दोनच मानसं राह्यले," बबलू म्हणाला.

"तीन होती."

बबलूने हातातली शेंग परत पातेल्यात टाकली.

"समोरचा रस्ता चित्रात मोकळा होता. त्या रस्त्यावर एक पाठमोरा माणूस होता. खांद्याला शबनम, चपला झिजलेल्या. टू-बी पेन्सिलीची बारीक रेष, मध्ये कुठेही न उचललेली. संघदीप सरांना अशी रेष येत नाही, ते स्वतःच सांगतात. माणूस म्हातारा होता. चालता चालता उजव्या बाजूला जरासा झुकलेला, लहान मुलाचा हात धरल्यावर झुकावं लागतं तेवढाच. उजवा हात अंगापासून थोडा लांब, दोन बोटं खाली सोडलेली…"

"अन् शेजारी?" लखनने विचारलं. "शेजारी कोन होतं?"

"शेजारी कोरा कागद होता," माणिकराव म्हणाले.